पाण्यापोटी कापलेले सहा गुण

आमच्या समोरच्या दारातले भाऊजी सकाळी अकराच्या सुमारास व्हिस्की तोंडात घेतात आणि मोरीत थुंकून टाकतात. यातलं मोठं पाप कोणतं, पिण्याचं की थुंकण्याचं, यावरून आमच्या इमारतीत कायमचे दोन तट पडलेले आहेत. आमचे हे दुसऱ्या तटात. "सकाळी पिणारा माणूस मी समजू शकतो," असं ते म्हणतात, "पण चांगला माल थुंकणाऱ्याशी मला संबंध ठेवायचा नाही." संबंध अर्थातच ठेवतात. भाऊजींकडे परीक्षणातून उरलेल्या बाटल्या शेवटी कुणाच्या घरी रिकाम्या होतात हे मी इथं लिहिणार नाही. मला याच घरात राहायचं आहे.

भाऊजींचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण इमारतीत चालतं ते मी ठेवलेलं: मार्ककापे. पोटापाण्याला ते विमा कंपनीचे सर्व्हेयर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती, खरं किती, बनावट किती, याचा अहवाल द्यायचा. गाडीचा मालक छाती बडवून सांगत असतो की कालच मागून धडक बसली. भाऊजी खाली वाकतात, पत्र्यावरून बोट फिरवतात आणि शांतपणे म्हणतात, "हा पोचा जुना आहे. आतला गंज बघा." ही नजर ऑफिसात काढून ठेवायची सोय नसल्यामुळे ते ती घरी घेऊन येतात. आम्ही हॉलला नवा रंग दिला तेव्हा मी हौसेनं त्यांना बोलावलं. "छान झालाय," म्हणाले, आणि जाता जाता खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ब्रश न पोचलेली बोटभर जागा दाखवून गेले. त्या दिवसापासून मला माझ्या हॉलमध्ये भिंती दिसत नाहीत, तो कोपरा दिसतो.

व्हिस्कीच्या परीक्षणाचं खूळ त्यांना कसं लागलं, तेही याच स्वभावातून. शौकिनांसाठी निघणारं एक मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यात कुणीतरी एका बाटलीचं असं काही कौतुक केलं होतं की ती बाटली लाजून स्वतःच बूच लावून घेईल. भाऊजींनी संपादकांना फोन केला आणि सांगितलं की हे परीक्षण नाही, हे निरोपसमारंभातलं भाषण आहे. संपादक जुन्या वळणाचे, खवचट. "मग तुम्हीच लिहून दाखवा," म्हणाले. यांनी लिहून दाखवलं. पहिलाच मथळा होता "उणिवा". तेव्हापासून आजतागायत त्यांचं प्रत्येक परीक्षण उणिवांपासून सुरू होतं आणि बहुतेकदा तिथंच संपतं. शंभरापैकी गुण देतात, पण नव्वद कुणालाही नाहीत. परदेशातल्या नामांकित बाटल्या आल्या, भाऊजींच्या नाकाखालून माना खाली घालून गेल्या.

"नव्वद दिले तर काय आभाळ कोसळेल?" मी एकदा विचारलं.

"नव्वद म्हणजे मला काही सापडलं नाही असं लिहून देणं," ते म्हणाले. "मग मला पाठवलं कशाला?"

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडल्या, "अगं, माझी आमटी एकदा सत्त्याऐंशीपर्यंत गेली होती. पण त्या दिवशी यांना ताप होता, तोंडाला चव नव्हती."

परीक्षणाच्या सकाळी समोरच्या घरात संचारबंदी असते. कांदा परतायचा नाही. वहिनींनी डोक्याला तेल लावायचं नाही. आमच्या दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत फिनाईलनं फरशी पुसायची नाही. माझ्या कामवाल्या बाईला भाऊजींनी ते स्वतः बजावलंय आणि ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाबरते. मग टेबलावर पोटाशी फुगलेला आणि तोंडाशी निमुळता असा ग्लास येतो. त्यात थोडीशी व्हिस्की ओतून वर बशी झाकतात आणि वाट बघत बसतात, जणू आत काहीतरी शिजतंय. मग बशी सरकवून आधी एका नाकपुडीनं वास, मग दुसऱ्या. मग घोट. तो तोंडभर फिरवून मोरीत. मग औषधाच्या ड्रॉपरनं पाण्याचे थेंब, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं चालू असताना त्यांचा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलत असतो. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नाकाचा इतका मन लावून उपयोग करणारा माणूस हा एकच.

आता त्यांच्या लेकीकडे येते. तिला आम्ही सगळे ठमी म्हणतो. लहानपणी लाडवासारखी गोल होती म्हणून पडलेलं नाव. आता ती बांबूसारखी उंच झालीय, पण नाव काही उतरलं नाही. ठमीनं रसायनशास्त्र केलं, औषधाच्या कंपनीत लागली, आणि एके दिवशी ती नोकरी सोडून आपल्याच देशातल्या एका व्हिस्कीच्या कारखान्यात गेली. तिथं सिंगल माल्ट बनते, म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून काढलेली आणि मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरवलेली. इमारतीत ज्याला त्याला वाटलं की आता बापलेक मिळून दुकान टाकणार. झालं उलटंच. ठमी कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात भाऊजींनी तिला समोर बसवलं. मी तेव्हा तिथंच होते, अर्थात कामासाठी. काम कोणतं ते आता आठवत नाही.

"तुझ्या कारखान्याचा थेंब मी परीक्षणाला घेणार नाही," ते म्हणाले. "आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा आरोप मी आयुष्यभर लोकांवर करत आलोय."

"परीक्षणाला नको, बाबा. घरी बसून नुसतं चाखून सांगा. बाप म्हणून."

"दोन जिभा आणू कुठून? एक बापाची, एक परीक्षकाची? बाप म्हणून चाखलं तर मी खोटं बोलेन. त्यापेक्षा नकोच."

ठमीनं मान हलवली. मानी पोरगी, परत विषय काढला नाही. पण त्यानंतर ती घरी येताना कधी बाटली आणायची नाही आणि कामाचं कधी बोलायची नाही. कारखान्यात मात्र चढत गेली. पिंपांचं सगळं गोदाम तिच्या हाताखाली आलं. कोणतं पिंप तयार, कोणतं अजून ठेवायचं, हे ती वास घेऊन ठरवू लागली. लोक वाखाणायचे. गच्चीवर कपडे वाळत घालताना वहिनी मला सांगायच्या, "काल फोनवर म्हणते कशी, आई, सगळे चांगलं म्हणतात गं, पण चांगलं म्हणणाऱ्यांनी चांगलं म्हटलं त्यात काय? जो कुणालाच चांगलं म्हणत नाही, तो आपल्या घरात बसलाय आणि त्याला विचारायची सोय नाही." मग वहिनी चिमटा जरा जास्तच जोरात लावायच्या. "दोघंही एकाच लाकडाची. मध्ये माझं भुसकट."

भाऊजींनी मासिकालाही सांगून ठेवलं होतं की अमुक कारखान्याचा माल मला पाठवायचा नाही. का, ते सांगितलं नव्हतं. मुलगी काय करते असं कुणी विचारलं तर ते "नोकरी" एवढंच सांगत. पुढे जुने संपादक निवृत्त झाले आणि ही सूचनाही त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली. नव्या संपादकबाई आल्या. त्यांनी नवी रीत पाडली: परीक्षकांना बाटल्या न पाठवता छोट्या कुप्या पाठवायच्या, वर नाव नाही, गाव नाही, टक्के नाहीत, नुसता क्रमांक. आधी लिहा, मग नाव कळेल. भाऊजींना ही रीत फार आवडली. "आता कळेल कुणाला जीभ आहे आणि कुणाला नुसतं वाचता येतं," म्हणाले.

त्या वेळच्या कुप्या आल्या त्या देशी सिंगल माल्टच्या. ज्या सकाळी त्यांनी कुप्या टेबलावर मांडल्या, नेमकी त्याच सकाळी मी मासे तळायला घेतले. माझ्या मनात खरंच काही नव्हतं. भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"शेजारीणबाई, काय हे?"

"मासे, भाऊजी. उणीव असली तर सांगा."

"उणीव एकच. आजचा दिवस गेला."

दुसऱ्या दिवशी मी प्रायश्चित्त म्हणून चूल पेटवली नाही आणि त्या बदल्यात समोर बसायची परवानगी मिळवली. अट अशी की तोंड उघडायचं नाही. पहिल्या तीन कुप्या नेहमीप्रमाणे गेल्या. पहिलीत त्यांना ओला पुठ्ठा सापडला. दुसरी "घाईत मोठी झालेली" निघाली. तिसरीबद्दल ते जे बोलले ते वहिनींनी मला विसरायला सांगितलंय.

चौथीवरची बशी सरकवली आणि त्यांनी नाक ग्लासात घातलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की टेबलाखालचा पाय थांबलाय. ते परत वास घेऊ लागले. "मनुका," पुटपुटले. "भाजलेला बदाम. संत्र्याची साल, सुकलेली. आणि हे... जुन्या लाकडी कपाटात ठेवलेल्या गरम कपड्यांचं काहीतरी." मग घोट घेतला, तोंडात फिरवला. मी मोरीकडे बघितलं, कारण आता ते उठणार. ते उठलेच नाहीत.

"गिळलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अनवधानानं," ते म्हणाले आणि जरा लाल झाले.

मग ड्रॉपर उचलला, आणि तसाच हवेत धरून बसले. हे समजायला थोडं व्हिस्कीचं शास्त्र लागतं, मला जेवढं कळतं तेवढं सांगते. पिंपातून निघते तेव्हा व्हिस्की फार कडक असते. बहुतेक कारखाने ती बाटलीत भरण्याआधी पाणी घालून चाळीसेक टक्के अल्कोहोलपर्यंत सौम्य करतात. काही थोडे पाणी न घालता जशीच्या तशी भरतात. तिला कास्क स्ट्रेंग्थ म्हणतात. ती जिभेला चांगला चटका देते, म्हणून पिणारा आपल्याला सोसेल तेवढं पाणी आपणच घालतो. भाऊजींच्या हातातला ड्रॉपर त्यासाठीच.

"चटका नाही," ते म्हणाले. आवाजात असं दुःख, जसं नव्या कोऱ्या गाडीच्या दारावर कुणी खिळा ओढलेला दिसावा. "म्हणजे पाणी आधीच घातलंय. असा माल, आणि त्यात पाणी! गुन्हा आहे हा."

"बाटली हलवून बुडबुडे बघतात ना? कडक असली की बुडबुडे जास्त टिकतात, असं आमचे हे—"

"ते दुकानदारांचे खेळ," त्यांनी मला मध्येच तोडलं. "मला जीभ आहे."

आणि त्यांनी लिहायला घेतलं. उणिवांच्या खाली एकच परिच्छेद. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवला, तो असा: "हिच्यात मी पाणी घातलं नाही, ते काम कारखान्यानं आधीच उरकलेलं दिसतं. पिंपातून निघाली तशीच भरली असती, तर आज मी पहिल्यांदा नव्वदीला हात लावला असता. पाण्याचे सहा गुण वजा. चौऱ्याऐंशी."

मी टाळ्या वाजवल्या. इतका झणझणीत परिच्छेद त्यांनाही बऱ्याच दिवसांत साधला नव्हता. त्याच दुपारी तो मासिकाकडे गेला.

रविवारी ठमी जेवायला घरी आली. जेवणं उरकली होती, आणि मी चाळणी मागायला गेले होते. चाळण्या माझ्याकडे तीन आहेत, पण ठमी कधीमधीच येते. भाऊजी ग्लास पुसत होते. तेवढ्यात संपादकबाईंचा फोन आला. हात ओले म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला, आणि म्हणून पुढचं सगळं चारही माणसांनी एकदमच ऐकलं.

"सर, तुमच्या चौथ्या कुपीबद्दल जरा," बाई चाचरत म्हणाल्या. "छापायच्या आधी क्रमांकांशी नावं जुळवत होते. ती कास्क स्ट्रेंग्थ आहे, सर. अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर. पाण्याचा थेंब नाही तिच्यात."

ग्लास पुसणारा भाऊजींचा हात थांबला.

"ते पाण्याचं वाक्य आपण काढून टाकू," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "बाकी मजकूर सुंदर आहे. गुण वाढवायचे तर वाढवा. कुणाला काही कळायचं नाही." आणि मग त्यांनी कारखान्याचं नाव घेतलं.

ठमी सोफ्यावरून उठून उभी राहिली. भाऊजी फोनला "नंतर बोलतो" म्हणाले आणि तो बंद केला.

"आमची कास्क स्ट्रेंग्थ एकच निघालीय," ठमी म्हणाली. "पहिलीच. तुम्ही काय लिहिलंय तिच्यावर?"

भाऊजींनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. ठमीनं वाचलं, आणि तिचा चेहरा असा तापला की मी चाळणी छातीशी धरली.

"पाणी? मी पाणी घातलं? बाबा, त्या पिंपांसाठी मी मॅनेजरशी भांडलेय! बाकीची सगळी पिंपं वरच्या फळ्यांवर, पत्र्याखाली, लवकर तयार व्हावीत म्हणून. मी ही खाली ठेवली, ऊन न लागणाऱ्या भिंतीला, आणि वर्षानुवर्षं हात लावू दिला नाही. निम्मी तर लाकडातून हवेत उडून गेली. उरली तेव्हा म्हणाले, पाणी घाला, बाटल्या वाढतील. मी म्हटलं, थेंब नाही. राजीनामा देईन म्हटलं! आणि घरचाच माणूस लिहितो की कारखान्यानं आधीच उरकलेलं—"

इथं ती थांबली. पुन्हा स्क्रीनकडे वळली. पुन्हा वाचलं. मग तिथंच जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आई, अगं, यांना चटका बसला नाही. अठ्ठावन्नला! यांना!"

"म्हणजे हे चांगलं झालं की वाईट?" वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की वहिनी, चांगलं झालं, फार चांगलं; फक्त भाऊजींचं वाईट झालं.

भाऊजी खुर्चीत बसले होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात जुना पोचा नवा म्हणून खपू दिला नाही, त्याला अठ्ठावन्न टक्क्यांचा माल पाणी घातलेला वाटला होता. मला त्यांची कीव आली, म्हणून मी गप्प बसले. माझ्यासाठी हे मोठं दान आहे.

"मी हे परीक्षण मागे घेतो," शेवटी ते म्हणाले. "नियम आहे. तुझ्या कारखान्याचं मी घेणार नाही असं ठरलंय."

ठमीचं हसू तिथल्या तिथं गेलं. इतकी वर्षं जे मागितलं नाही, ते चुकून तिच्या हातात पडलं होतं आणि बाप ते परत मागत होता. "घ्या," ती म्हणाली. "तुमचा नियम आहे." आणि उठून पर्स शोधायला लागली, जी तिच्या खांद्यालाच होती.

वहिनींनी सूत्रं हातात घेतली. "मागे कशाला घेता? ते पाण्याचं वाक्य तेवढं काढा, ती बाई म्हणतेय ना. पोरीचं कौतुक राहील, तुमचीही अब्रू राहील. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याची जीभ गेली."

"बरोबर आहे वहिनींचं," माझं दान संपलं होतं. "भाऊजी, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

भाऊजी उठले, खिडकीपाशी गेले आणि खाली लावलेल्या गाड्यांकडे बघत राहिले. सवयच ती. मग तिकडेच तोंड करून बोलू लागले.

"समजा मी गाडी बघितली, अहवाल लिहिला. मग कळलं की गाडी माझ्या साडूची आहे. मग मी अहवालातली एक ओळ बदलली. ऑफिसात मला काय म्हणतील?"

"चोर," वहिनी म्हणाल्या. भाऊजींच्या साडूवर त्यांचा राग जुना आहे.

"मग आज मी त्या मजकुराला हात लावला, काढला काय, वाढवला काय, तो हात तिच्या बापाचा. त्या सकाळी टेबलाशी बसला होता त्याला काही माहीत नव्हतं. पाण्याच्या बाबतीत तो गाढव ठरला, ठरू दे. पण त्या व्हिस्कीबद्दल बोलायचा अधिकार त्या गाढवालाच आहे. मला नाही."

त्यांनी फोन लावला. या वेळी हात कोरडे होते, तरी स्पीकरवर टाकला. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"बाई, स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही. खाली फक्त एक टीप घाला. लिहून घ्या. 'ही व्हिस्की माझ्या मुलीनं निवडलेल्या पिंपांतली आहे, हे चव घेताना मला माहीत नव्हतं. हिच्यात पाणी घातलेलं नाही, हेही माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी नंतर कळल्या. मजकुरात बदल केलेला नाही.'"

पलीकडून बाई म्हणाल्या, "मुलीनं? सर, तुम्ही कधी बोललाच नाहीत! पण हे असंच छापलं तर लोक तुम्हाला हसतील हो."

"हसू देत. हसण्यासाठी त्यांना आधी ते कळावं लागेल."

"आणि गुण?" वहिनी फोनवर वाकून ओरडल्या. "ते तरी नव्वद करा! पाणी नव्हतं तर पाण्याचे सहा कसले कापता?"

भाऊजींनी ठमीकडे बघितलं. मला वाटतं, बापाची जीभ त्या क्षणी वळवळली असावी. पण तोंड ठमीनंच उघडलं.

"हात लावाल तर याद राखा," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशीच राहणार. नव्वद बापानं दिले म्हणतील. चौऱ्याऐंशी तुम्ही दिलेत."

"अगं, पण सहा गुण फुकट जातात," वहिनी कळवळल्या.

"जाऊ देत, आई. गोदामात किती उडून गेली, त्यात हे सहा."

अंक निघाला आणि व्हायचं ते झालं. दुसऱ्या मासिकाच्या परीक्षकानं फोन करून विचारलं की जीभ दुरुस्तीला टाकलीय का. ज्या गॅरेजमध्ये भाऊजी वर्षानुवर्षं मेकॅनिकांची बिलं कापत आलेत, तिथं एकानं बुडालेली गाडी पुढे करून म्हटलं, "साहेब, हिच्यात पाणी गेलंय का, जरा चाखून बघता?" सुरुवातीचे काही दिवस त्यांना ते लागलं, खोटं कशाला बोलू. लिफ्टमध्ये कुणी असलं तर जिन्यानं जायचे. आमच्या ह्यांनी मात्र मोठेपणा दाखवला. अंक हातात घेऊन इमारतभर फिरले आणि ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगितलं की अहो, चाळीस टक्के चाळीससारखी लागते यात काय विशेष. अठ्ठावन्न टक्के असून चाळीससारखी उतरली, आणि तीही ह्याच्या गळ्यातून, ह्यात सगळं आलं. जिन्यात दोनतीनदा ऐकल्यावर भाऊजी पुन्हा लिफ्टनं जायला लागले.

मग ठमीनं आम्हाला गोदाम बघायला बोलावलं. आम्हाला म्हणजे आईबापांना; पण मागची सीट रिकामीच जाणार होती, म्हणून मी आणि हे बसलो. गोदाम म्हणजे लांबच लांब, अर्धवट अंधाराचं, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या वर रचलेली पिंपं, आणि आत शिरताच असा दाट वास की आमचे हे दारातच डोळे मिटून उभे राहिले. ठमी पुढे चालत होती. माणसं तिला "बाई" म्हणत बाजूला होत होती. एका पिंपाशी थांबून तिनं बोटाच्या गाठीनं ठोकलं, ऐकलं आणि "अजून नाही" एवढंच म्हणाली. दोघा कामगारांनी मान हलवली आणि ते पिंप सोडून पुढच्याकडे गेले. भाऊजी सगळं बघत होते. ना उणीव, ना शब्द. वहिनींनी मला कोपरानं ढोसलं.

खालच्या रांगेपाशी गोदामाचे मुकादम भेटले. पांढऱ्या मिशांचे, हातात लाकडी हातोडी. त्यांनी भाऊजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाईंचे वडील?"

"हो."

"म्हणजे तुम्हीच ना ते पाणीवाले?"

वहिनींचे कान लाल झाले. मी श्वास रोखून धरला, हसू आवरण्यासाठी. भाऊजींनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि एवढ्या मोठ्या गोदामात सगळीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मीच!"

मुकादमांनी मागे वळून आरोळी ठोकली, "अरे या रे सगळे! बाईंनी ज्यांना फसवलं ते साहेब आलेत!"

पिंपांच्या आडून माणसं बाहेर आली, हात पुसत, हसत. भाऊजी एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकू लागले आणि प्रत्येकाला तेच सांगू लागले, "सपशेल फसलो हो. पार फसलो. थेंबभरसुद्धा कळलं नाही मला." ठमी मात्र आमच्याकडे पाठ करून वाकली होती. तिनं मुकादमांच्या हातातून हातोडी घेतली होती आणि एका पिंपाच्या, आधीच घट्ट बसलेल्या बुचावर ती ठोकत राहिली होती.